गल्लीला घाम येईना

मामाच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीच्या सुट्टीतली ही गोष्ट.

"बाहेर! तिघंही बाहेर!" मामी दाराआडून कुजबुजत ओरडली. कुजबुजत ओरडणं ही कला तिने महिनाभरात कमावली होती. "एक आत्ता कुठे झोपली आहे. तिला जागं केलंत तर बघा!"

"पण मामी, बाहेर दुपारचे दोन वाजलेत," पणपण म्हणाला.

"घरातही दोनच वाजलेत! निघा!"

दार लागलं. तीन भाचरं पायरीवर उभी राहिली. सगळ्यांत मोठी काडी. ती बारा वर्षांची होती आणि अंगाने होती तशीच नावाने. तिचा मावसभाऊ पणपण अकरा वर्षांचा. त्याचं प्रत्येक वाक्य 'पण'पासून सुरू व्हायचं. त्याची धाकटी बहीण शेपूट. सात वर्षांची ती मुलगी या दोघांची पाठ सोडायची नाही.

"माझी एक चप्पल आत राहिली," शेपूट म्हणाली.

काडीने बंद दाराकडे पाहिलं. ते दार पुन्हा वाजवायची तिची छाती झाली नाही. "लंगडी घाल."

शेपूट लंगडी घालत निघाली. पण सात वर्षांचं माणूस किती वेळ एका पायावर चालणार? तिचा उघडा पाय खाली टेकला आणि ती किंचाळली, "आई गं! भाजलं!"

"हळू! जुळ्या उठतील!"

"पण मावशी तर म्हणते, तिची गल्ली गार आहे!" पणपण म्हणाला.

गल्ली खरंच मावशीची होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण तिने केलेली होती. मावशीचा कारखाना गल्लीच्या मागच्या मैदानात होता. पाडलेल्या घरांच्या विटा, काँक्रीट, फुटक्या फरश्या असा राडारोडा तिथे येई. तो निवडायचा, चक्कीत भरडायचा, चाळायचा आणि त्याचे ब्लॉक पाडायचे. लोक ज्याला कचरा म्हणून नदीकाठी फेकून देत, त्यावर मावशीने अकरा माणसांना काम दिलं होतं. आणि हे ब्लॉक साधे नव्हते. त्यांना बारीक बारीक भोकं होती. सकाळी गल्लीत पाणी मारलं की ब्लॉक ते पिऊन घेत, आणि दिवसभर उन्हात ते वाफेने हळूहळू सोडत. "आपल्याला घाम येतो आणि अंग गार होतं ना, तसंच!" मावशी सांगायची. डांबराचा रस्ता दुपारी तव्यासारखा तापतो. हा रस्ता घाम गाळून थंड राहणार होता.

निदान ठरलं तरी तसंच होतं.

शेपूट पुढे उड्या मारत गेली. दुसरं घर, तिसरं घर, "भाजलं! भाजलं!" सहावं घर शिंप्याचं. त्याच्या दुकानापुढे ती थांबली. मग उघडा पाय तिने मुद्दाम दाबून ठेवला.

"इथे गार आहे."

"चल, काहीतरीच," काडी म्हणाली.

"तूच बघ!"

काडीने चपला काढल्या. एक पाऊल मागे टेकलं, चटका बसला. एक पाऊल पुढे टेकलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या. तेच ब्लॉक, तोच रंग, तेच ऊन! मध्ये सावलीसुद्धा नाही. आणि तरीही पुढचा ब्लॉक माठाच्या पोटासारखा.

"पण असं कसं होईल?" पणपण म्हणाला. या वेळी त्याच्या 'पण'ला अर्थ होता.

काडीने शिंप्याकडून खडू मागून आणला आणि त्या जागी आडवी रेघ ओढली.

---

आता हे कुणाला सांगायचं? मोठ्या माणसांना. इथूनच कटकटीला सुरुवात झाली.

मामा बाळाला खांद्यावर घेऊन उभ्याउभ्या झोपला होता. "मामा, गल्ली अर्धी गरम आहे आणि अर्धी गार!"

"हं. गार झालं की पिईन," मामा डोळे न उघडता म्हणाला.

मामी लंगोटांच्या बादलीपाशी उभी होती आणि चिडलेली होती. "आधी हे सांगा, या बादलीला रोज करडा काठ कोण लावतं? चिखल कालवायला तुम्हाला हीच बादली मिळाली?"

"आम्ही नाही मामी!"

"मग काय भिंतीने लावला? धुऊन आणा!"

तिघांनी न केलेल्या गुन्ह्याची बादली धुतली. काठ नखाने खरवडावा लागला, इतका तो घट्ट बसला होता.

आजोबा बाहेरच्या ओट्यावर बसले होते. आजोबा पन्नास वर्षं गवंडीकाम केलेले. भिंत सरळ आहे का ते बघायच्या गवंड्याच्या दोरीवरून सगळी गल्ली त्यांना ओळंबा आजोबा म्हणायची, कारण त्यांना जगात एकही गोष्ट सरळ दिसत नसे. समोरची भिंत कललेली, शेजाऱ्याची खिडकी तिरपी, मामाने ठोकलेला खिळा तर विचारूच नका! ते शाळेत कधी गेले नव्हते. काडी त्यांना रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची. पण आज तिने गल्लीचं नाव काढताच आजोबांनी मान फिरवली. "तुझ्या मावशीचं काम आहे ते. मी काही बोलणार नाही." आणि खरंच ते काही बोलले नाहीत.

राहिली मावशी. ती भल्या पहाटे मागच्या दाराने कारखान्यात जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. जिने गल्ली केली, तिलाच ती उजेडात बघायला सवड नव्हती! तिघं कारखान्यात गेली तेव्हा ती चक्कीजवळ, पांढऱ्या धुळीत, केसांना फडकं बांधून उभी होती.

"मावशी, ऐक ना..."

"चक्की चालू आहे! लांब व्हा!"

"मावशी, गल्ली..."

मावशीने चक्की बंद केली. तिचा चेहरा उतरला. "माहीत आहे मला. गल्ली तापते. नगरपालिकेचे साहेब दर गुरुवारी मोजतात आणि महिनाभर आकडा जास्तच येतो. माझ्याच मालात काहीतरी चुकतंय. तीन वेळा प्रमाण बदललं. उद्याचा सोडून पुढच्या गुरुवारी शेवटची मोजणी. डांबराच्या रस्त्यापेक्षा आठ अंश तरी गार निघाली नाही, तर गल्ली उखडून डांबर टाकणार आणि कारखान्याला कुलूप." तिने ओट्यावर बसलेल्या कामगार बायांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांना अजून सांगितलेलं नाही मी."

"पण मावशी, शिंप्यापुढे गारच आहे!"

"लेकरांनो, मी आधीच वैतागले आहे. मला धीर द्यायला खोटं बोलू नका." आणि चक्की पुन्हा घरघरायला लागली.

काडीने कपाळावर हात मारून घेतला.

---

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शेवटच्या आधीचा. साहेबांची पांढरी गाडी गल्लीत शिरली आणि वरच्या टोकाला, मामाच्या दारापुढे थांबली. काच चार बोटं खाली आली. काचेतून बंदुकीसारखं यंत्र धरलेला एक हात बाहेर आला. बंदूक जमिनीकडे रोखली, टुक् झालं, हात आत गेला.

"पण एवढंच?" पणपण ओरडला.

काडी काचेशी धावली. "साहेब, खाली उतरा ना! शिंप्याच्या दुकानापुढेही मोजा!"

"बाळ, मोजमाप हा शास्त्राचा विषय आहे," आतून गार हवा आणि साहेबांचा आवाज आला. "सुट्टी आहे ना? जा, खेळा."

काच वर गेली. गाडी मागे मागे जात निघून गेली. साहेबांनी सहा आठवड्यांत गल्लीला पाय लावला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस काडीने फक्त पुस्तकात वाचला होता. आज गारेगार उंटासकट पाहिला.

"अगं, ती बघ रेघ!" शेपूट म्हणाली.

ती काल ओढलेली रेघ बघत होती. आज तिच्या दोन्ही पायांत चप्पल नव्हती. तिने हे काम मनावर घेतलं होतं. रेघेच्या पलीकडे चार ओळी ती भराभर नाचत गेली आणि मग स्थिर उभी राहिली. "कालची जागा आज भाजते. गार इथून सुरू होतं."

काडीने नवी रेघ ओढली. कुणीतरी रोज चार ओळी गार रस्ता गरम करत होतं!

"डांबरवाला!" काडी म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी डांबराच्या ठेकेदाराचं पिंप येऊन पडलं होतं. गल्ली उखडली की काम त्यालाच. "पण पुरावा पाहिजे," पणपण म्हणाला.

त्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली. दुपारभर पिंपामागे दबा धरून तिघं घामाने निथळली. डांबरवाला सबंध दुपार एका खुर्चीत बसून होता. एकदाच उठला, आणि त्याचा जोडा त्याच्याच सांडलेल्या डांबरात चिकटला. तो एका पायावर उभा राहून जोड्याशी झुंजत होता तेव्हा शेपूट इतकी हसली की दबा उघडा पडला.

"काय रे पोरांनो? काय शोधताय?"

"तुम्ही गल्लीचं काय करता ते!" शेपूट म्हणाली. काडीने तिचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

"मी? बाई गं, माझ्याने हा जोडा निघेना, मी गल्लीचं काय करू!"

ते त्या माणसाकडे बघून पटत होतं.

मग त्यांनी पाण्याच्या गाडीवाल्याला गाठलं. तो रोज सकाळी सातला येई, नळी सोडून देई आणि गाडीतच मान टाकून बसे. शुक्रवारी तिघं सातच्या आधीच दारात उभी होती. पाणी मामाच्या दारापुढे पडलं आणि ब्लॉकवरून, काचेवरून ओघळावं तसं, सुर्र करत गटाराकडे पळालं. शिंप्याच्या पुढे मात्र ते पडल्या पडल्या गडप! जमिनीने घोट घेतल्यासारखा आवाजसुद्धा आला.

"काका, हे पाणी वाहून जातंय!"

"जातं की. महिना झाला जातंय."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"मला कुणी विचारलं?" गाडीवाला जांभई देत म्हणाला. "माझं काम ओतायचं. प्यायचं की नाही ते रस्त्याने बघावं."

काडी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला वाटलं, या गल्लीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना एका ओळीत बसवून शाळेत घालावं.

पणपण मात्र खाली वाकला होता. शिंप्यापुढचा ब्लॉक राजगिऱ्याच्या वडीसारखा भोकाभोकांचा. मामाच्या दारापुढचा गुळगुळीत. त्याने नखाने खरवडलं. करडा पापुद्रा नखात आला.

"काडी," तो हळूच म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं वाक्य 'पण'पासून सुरू झालं नाही. "हे मी आधी खरवडलंय. बादलीवर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गरम पट्टा डांबरवाल्याच्या पिंपापासून सुरू होत नव्हता. तो त्यांच्याच घराच्या दारापासून सुरू होत होता.

---

शनिवारी त्यांना गजर लावावा लागला नाही. साडेपाचला एक जुळी रडली, तिचं ऐकून दुसरी. नुकतं फटफटत होतं. मागचं दार वाजलं. मावशी कारखान्यात गेली. थोड्या वेळाने पुढचं दार करकरलं.

तिघं खिडकीशी गेली.

आजोबा होते. एका हातात लंगोटांची बादली, दुसऱ्या हातात थापी. खांद्यावर ओलं पोतं. शेवटच्या रेघेच्या थोडं पुढे ते हळूच बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा. बादलीतला सिमेंटचा पातळ माल त्यांनी ब्लॉकवर ओतला आणि थापीने घोटायला लागले. ऐंशीला टेकलेला तो हात जराही हलत नव्हता. घोटून झालं की ओल्या पोत्याने पुसत. पुसलं की डोळा मिटून, मान कलती करून बघत. मग पुढचा ब्लॉक.

"इतकं नीट काम डांबरवाला करणारच नाही," पणपण पुटपुटला. "आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं."

काडी बाहेर गेली. पणपण आणि शेपूट तिच्या मागोमाग. "आजोबा."

आजोबा दचकले. थापी हातातून पडली. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "श्श! मावशीला सांगायचं नाही हं."

"आजोबा, तुम्ही हे काय करताय?"

"काय करतोय म्हणजे? भोकं बुजवतोय!" आजोबा कुजबुजले, पण त्या कुजबुजीत महिन्याभराचा संताप होता. "पोरीने एवढा कारखाना काढला, आणि बघ, एक ब्लॉक धड नाही! सगळे भोकाभोकांचे! मी शिकाऊ उमेदवार होतो ना, तेव्हा असा ब्लॉक पाडला असता तर मिस्त्रीने तो माझ्या डोक्यात घातला असता. आणि हिचं काम तपासायला साहेब गाडीतून येतो. त्याने भोकं पाहिली तर? म्हणेल, हिच्या बापाने पन्नास वर्षं भिंती बांधल्या आणि लेकीला एवढंही शिकवलं नाही? तिला बोललो असतो तर तिचं मन मोडलं असतं. म्हणून गुपचूप बुजवतोय. गुरुवारपर्यंत जमेल तेवढं करतो."

वर घरात जुळ्या एका सुरात रडत होत्या.

"आजोबा," शेपूट म्हणाली, "ती भोकं पाणी प्यायची आहेत."

"काय?"

"रस्ता पाणी पितो. मग त्याला घाम येतो. मग तो गार होतो. पाटीवर लिहिलंय ना!"

गल्लीच्या तोंडाशी मोठी निळी पाटी होती. हे ब्लॉक कशाचे केले, त्यांना भोकं का, पाणी का मारायचं, सगळं त्यावर ठळक लिहिलेलं होतं. आजोबा रोज तिच्यासमोरून फिरायला जात. काडीने त्यांना पेपरमधली दूरदेशीची युद्धं वाचून दाखवली होती, हवामान वाचून दाखवलं होतं, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरातसुद्धा वाचून दाखवली होती. दारातली पाटी मात्र तिने कधी वाचून दाखवली नव्हती. तिचे कान गरम झाले.

तिने आजोबांचा हात धरून त्यांना पाटीपर्यंत नेलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवलं. मग पणपणने तांब्याभर पाणी आणून आधी शिंप्यापुढच्या ब्लॉकवर ओतलं, आणि मग आजोबांनी घोटलेल्या ब्लॉकवर.

आजोबा ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले.

"म्हणजे महिनाभर मी पाण्याचे घडे पालथे घालत होतो," ते म्हणाले. "आणि पोर माझी कारखान्यात प्रमाण बदलत बसली." मग एकदम उसळून, "पण मला कुणी सांगितलं का नाही?"

---

हाच प्रश्न तासाभराने सगळ्या घरासकट कारखान्यात उभा राहिला. मावशी ऐकता ऐकता चाळलेल्या खडीच्या ढिगावरच बसली.

"दादाने सांगितलं असेल असं वाटलं मला," ती म्हणाली.

मामा बाळाला झोका देत म्हणाला, "मला वाटलं तू सांगितलंस!"

"मला वाटलं, त्यांना सगळं माहीतच असतं," मामी म्हणाली. तिच्या खांद्यावर दुसरी जुळी होती.

"पण म्हणजे सगळ्यांना वाटलं," पणपण म्हणाला, "आणि सांगितलं कुणीच नाही!"

मोठी माणसं मान खाली घालून उभी राहिली. मुलांना हे दृश्य फारसं बघायला मिळत नाही. त्यांनी ते पोटभर बघून घेतलं.

आजोबा पुढे झाले. त्यांचे हात अजून करडे होते. "माझ्यामुळे तुझा कारखाना जातोय, पोरी."

"बाबा..." मावशीला रागवावं की रडावं ते कळेना. शेवटी ती रागावली. "बाबा, तुम्ही गुडघ्यांवर बसायचं नाही असं डॉक्टरने सांगितलंय! महिनाभर गुडघ्यांवर?"

"गुडघे नंतर. आधी सांग, तयार ब्लॉक किती आहेत?"

मावशी उठली. तिच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. "सुकलेले, पक्के? दोन हजार तरी."

"आणि मी बिघडवलेले दीड हजार असतील. काढून घ्या. नवे बसवू. बिघडलेल्यांचं काय करायचं?"

"चक्कीत!" शेपूट ओरडली. "पुन्हा भरडायचे!"

आजोबा प्रथमच हसले. "माझी चूकही वाया जात नाही म्हण की तुमच्या कारखान्यात!"

रविवारी सकाळी गल्लीत पहारी वाजायला लागल्या. अकराही कामगारांना मावशीने सगळं खरं सांगितलं, गुरुवारचंसुद्धा. तेव्हा चाळणीवरची सर्वांत म्हातारी बाई म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर आम्ही काय पळून जाणार होतो?" आणि पहार घेऊन पहिली तीच पुढे झाली.

काडी आणि पणपण हातगाडीने बिघडलेले ब्लॉक चक्कीकडे नेत आणि नवे घेऊन येत. शेपूट खुणेची दोरी धरून उभी राही. शिंप्याने दुकान बंद करून मदत केली, कारण ठोकाठोकीत एकही टाका सरळ पडत नव्हता. आजोबा एका पाटावर बसून ब्लॉक बसवत. ब्लॉकचं बूड टेकवायचं, हातोडीच्या दांड्याने दोन ठोके, पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा. दोन ब्लॉकांच्या फटीत सिमेंट घालायला त्यांचा हात आपोआप बादलीकडे जाई, आणि शेपूट ओरडे, "आजोबा! खडी!"

"हो गं बाई, खडी!" आजोबा वैतागून बारीक खडी चिमटीने फटीत सोडत. "पन्नास वर्षं फटी बुजवल्या, आता या वयात उघड्या ठेवायला शिकतोय!"

मामी मध्येच दारातून कुजबुजत ओरडली, "जरा हळू ठोका!" कुणी ऐकलं नाही. गंमत म्हणजे ठोक्यांच्या तालात जुळ्या त्या महिन्यात पहिल्यांदा सलग चार तास झोपल्या.

मंगळवारी संध्याकाळी शेवटचा ब्लॉक बसला.

---

गुरुवारी दुपारी दोनला पांढरी गाडी आली, पण गल्लीत शिरू शकली नाही. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी आडवी उभी होती. तिचं एक चाक निखळलं होतं. म्हणजे पणपणने ते निखळवलं होतं.

"बाजूला घ्या ती!" काचेच्या फटीतून आवाज आला.

"पण साहेब, चाक नाही," पणपण फार दुःखी चेहरा करून म्हणाला.

साहेब पुटपुटत उतरले. यंत्र काढलं आणि इथूनच कुठेतरी रोखायला लागले, तोच काडीने समोरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ताजं काम आहे. बूट काढून यावे.

"हा काय प्रकार आहे?"

"साहेब, शास्त्राचा विषय आहे," काडी म्हणाली.

गल्लीतली माणसं दारादारांत उभी होती. सगळ्यांदेखत पुठ्ठ्यावरची सूचना मोडायची साहेबांना पंचाईत वाटली. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि ते डांबरावर उभे राहिले.

क्षणभरच.

"आई आई आई!" साहेबांनी एक पाय उचलला, मग दुसरा, मग पहिला. यंत्र एका हातात आणि बूट दुसऱ्या हातात धरून ते नाचत नाचत डांबरावरून सुटले आणि धप्पकन ब्लॉकवर येऊन थांबले. नाचण्यासाठी उचललेला पाय तसाच हवेत राहिला. मग तो हळूच खाली आला.

"अरेच्चा," साहेब म्हणाले.

ते एक पाऊल चालले. मग दुसरं. शिंप्याचं दुकान गेलं, पाचवं घर, चौथं, तिसरं. मामाच्या दारापर्यंत ते अनवाणी आले आणि मग त्यांना यंत्राची आठवण झाली. डांबर एकोणसाठ. मामाच्या दारापुढे शेहेचाळीस. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मावशीने दाखवलेल्या दहा ठिकाणी वाकून मोजलं. कुठेच सत्तेचाळीसच्या वर आकडा गेला नाही.

"तेरा अंश! पण मागच्या गुरुवारी..." साहेब गोंधळले.

"मागच्या गुरुवारी तुम्ही गाडीत होता," शेपूट म्हणाली.

गल्ली खळाळून हसली. साहेब लाल झाले, पण माणूस अगदीच वाईट नव्हता. तिथेच ओट्यावर बसून, पाय गार ब्लॉकवर ठेवून, त्यांनी कागदावर लिहिलं की गल्ली राहील, आणि शेजारच्या तीन गल्ल्यांनाही हेच ब्लॉक लागतील. मग त्यांनी मावशीला विचारलं, "चूक नेमकी कुणी शोधली?"

मावशीने तिघांकडे बोट दाखवलं. "यांनी. मी त्यांना खोटं म्हटलं, मामाने ऐकलं नाही, मामीने बादली धुवायला लावली आणि तुम्ही खेळायला पाठवलंत. तरी यांनी सोडलं नाही. अशी भाचरं मिळायला नशीब लागतं."

"पण मावशी," पणपण म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचलंच नाही.

"चप्पल नव्हती म्हणून कळलं," शेपूट प्रामाणिकपणे म्हणाली.

डांबरवाला आपलं पिंप घेऊन निघाला होता. जाता जाता त्यानेही जोडे काढून गल्लीत चार पावलं टाकून पाहिली आणि मान डोलावली.

सगळे पांगल्यावर आजोबा पाणसळ घेऊन गल्लीच्या मधोमध बसले. एक डोळा मिटून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. काडी, पणपण, शेपूट श्वास रोखून उभी राहिली. आजोबांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला सरळ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आता ते काहीतरी खोड काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबांनी मावशीकडे पाहिलं.

"सरळ आहे," ते म्हणाले.

मग काडीकडे वळून म्हणाले, "चल, ती पाटी पुन्हा वाच. हळू वाच. या वेळी मी अक्षरं बघतो."

राहिलेल्या सुट्टीत ते दोघं रोज त्या पाटीपुढे उभे राहत. सुट्टी संपली तेव्हा आजोबांना पहिल्या दोन ओळी वाचता येत होत्या.

ओळंबा आजोबा पुढच्या वर्षी, सुट्टी लागायच्या आठ दिवस आधी, मंगळवारी सकाळी वारले. जुळ्यांचा पहिला वाढदिवस होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, आणि दोघी त्याच गल्लीत अनवाणी चालायला शिकत होत्या.